रकाना अकरा

छापील फॉर्मात रकाना अकरा : अपघाताचे कारण.
रुंदी तीन बोटं.
'मानवी चूक' हे दोन शब्द तिथं असे बसतात
की माप घेऊनच रकाना आखला असावा.
बावीस वर्षांत किती वेळा भरले, मोजलं नाही.

सांगली. मार्केट यार्डामागची हळद-पॉलिशची शेड.
बुधवार, पावणेचार.
तीन नंबरच्या ड्रममध्ये अक्काताई हुल्ले
कमरेपर्यंत आत, तळाची माती खरवडत.
ड्रम फिरला.
उजवा हात, कोपरापासून.

बटण दाबलं भूपाल मगदूमनं. वय तेवीस.
मालक म्हणाले, "पोराचं लक्ष नव्हतं साहेब.
काढून टाकलाय त्याला. आता कसली चौकशी?"
चहा आला. मी पेनाचं टोपण काढलं.

का थांबलो, सांगता येत नाही.
पेन उठत नव्हतं, कदाचित इतकंच.
ते झटकत म्हणालो, बोर्ड दाखवा.

तीनचा बोर्ड चारच्या मागं.
"शेड वाढवली तेव्हा वायर पुरली नाही."
तिथून तीन नंबर दिसत नाही.
दिसतं चारचं पोट, आणि पोत्यांची थप्पी.
बटणं दोन. दोन्ही पिवळी.
रुमालानं पुसली,
तेव्हा एक हिरवं निघालं, एक लाल.

मग कळतं कसं, कधी सोडायचं?
गफूर नायकवडी, यार्डातले जुने :
"पत्र्यावर ठोका, सायेब.
एक म्हंजे थांब. दोन म्हंजे सोड.
आमच्या आदीपासनं हाय."
कुठं लिहिलेलं नाही.
आणि इतकी वर्षं चाललेलं.
जे चालतं, त्याची चौकशी करायला
मला कधी कुणी पाठवलं नाही.

बुधवारी वेगळं काय होतं?
काही नाही, सगळे म्हणाले.
मग एक बाई, सूप झाडत, वर न बघता :
"शेजारच्या गाळ्यावर पत्रं ठोकत हुते की वो."

भूपाल बुधगावला. घरामागं
सायकलची चेन काढून बसलेला.
"मी दोन ऐकलं," म्हणाला.
बाजू मांडत नव्हता.
ऐकलेलं सांगत होता.
आई म्हणाली, रात्री उठून विचारतो,
कोण ठोकतंय.

दुसऱ्या दिवशी तीनची फ्यूज काढली,
बाकीचे ड्रम चालू ठेवायला सांगितले,
आणि बोर्डापाशी मी उभा राहिलो.
म्हटलं, ठोका. एक किंवा दोन, तुमच्या मनानं.
वीस वेळा.
सहा वेळा चुकलो.
माझं जेवण झालेलं, झोप झालेली,
माझ्या डोक्यावर ओरडणारं कुणी नव्हतं,
आणि आत कुणाचा हात नव्हता.

रकान्यात लिहिलं : सोबत जोडपत्र पाहावे.
सात पानं. नकाशा. वायरीची लांबी.
आठ दिवसांत वरून परत आलं,
कोपऱ्यात पेन्सिलीनं :
'कारण एका ओळीत कळवावे.'

ते घेऊनच सिव्हिलला गेलो.
अक्काताई खिडकीकडे तोंड करून.
"बोर्ड हिकडं आना, म्हनून मी दोनदा सांगितल्यालं.
हसले."
मग बराच वेळ काही नाही.
डाव्या हातानं चादरीची घडी घालू बघत होत्या,
होत नव्हती. मी धरायला गेलो,
नको म्हणाल्या.

"त्या पोराला काय करू नगा."
आणि मी उठलो तेव्हा, "तितं आता कोन उभं ऱ्हातंय?"

आठवलं. होता एक.
मिसरूड न फुटलेला, कानाला मफलर.
चाचणी संपल्यावर फ्यूज मी त्याच्याच हातात दिली होती,
बसव म्हणून.
नाव विचारलं नव्हतं.

जिना उतरता उतरता फोन लावला.
वाजत राहिला.
यार्डात त्या वेळी
आवाज फार असतो.